एटीसीची यंत्रणा बंद पडली की आकाशातल्या विमानांचं काय होतं?

७ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार. दिल्ली विमानतळावरच्या बोर्डवर एकामागून एक फ्लाइटसमोर 'डिलेड' दिसायला लागलं. दिवसभरात ८०० हून अधिक विमानांना उशीर झाला आणि त्याचे धक्के मुंबईसह देशातल्या इतर विमानतळांनाही बसले. त्या दिवशी ना दाट धुकं होतं, ना वादळ. कारण सांगितलं गेलं ते एवढंच: एटीसीच्या यंत्रणेत तांत्रिक बिघाड.

सोशल मीडियावर मग नेहमीप्रमाणे सुरुवात झाली. कुणी म्हणालं सायबर हल्ला, कुणी म्हणालं रडार बंद पडलं. त्याच आठवड्यात दिल्लीजवळ विमानांच्या जीपीएस सिग्नलमध्ये गडबड होत असल्याच्याही बातम्या होत्या, त्यामुळे दोन्ही गोष्टींची सरमिसळ झाली. आणि बहुतेकांच्या मनात एकच भीती होती. खाली यंत्रणा बंद असेल, तर वर उडत असलेल्या विमानांचं काय?

तेच या लेखात समजून घेऊया.

दिल्लीत नेमकं काय बंद पडलं होतं?

बंद पडलं होतं ते रडार नव्हे आणि रेडिओही नव्हे. बिघडली होती एएमएसएस, म्हणजे ऑटोमॅटिक मेसेज स्विचिंग सिस्टीम. सोप्या भाषेत सांगायचं तर हे विमान वाहतुकीचं पोस्ट ऑफिस आहे.

प्रत्येक विमान उडण्याआधी कंपनी त्याचा फ्लाइट प्लॅन पाठवते. विमान कुठून कुठे जाणार, कोणत्या मार्गाने, किती उंचीवरून, किती वेगाने, सगळं त्यात असतं. हवामानाचे आणि धावपट्टीबद्दलचे संदेशही याच जाळ्यातून फिरतात. एएमएसएस हे संदेश योग्य ठिकाणी पोचवते आणि तिथून फ्लाइट प्लॅन कंट्रोलरसमोरच्या यंत्रणेत आपोआप येऊन बसतो.

६ नोव्हेंबरला या यंत्रणेत बिघाड लक्षात आला. पोस्टमनच येईनासा झाल्यावर कंट्रोलरना फ्लाइट प्लॅन हाताने भरावे लागले. दिल्लीतून दिवसाला १,५०० हून अधिक विमानांची ये-जा होते. तेवढ्या विमानांची माहिती माणसांनी टाइप करायची म्हटल्यावर रांग लागणारच. शुक्रवारी रात्री यंत्रणा पूर्ववत झाली, पण साचलेला उशीर निवळायला आणखी वेळ गेला.

लक्षात घ्या, या काळात रडारच्या स्क्रीनवर विमानं दिसत होती आणि पायलटशी बोलणंही चालू होतं.

म्हणजे एटीसी हे एकच यंत्र नसतं?

नाही. आपण 'एटीसी सिस्टीम डाउन' असं एका दमात म्हणतो, पण त्यात वेगवेगळे थर असतात.

- रेडिओ: पायलट आणि कंट्रोलर यांच्यातलं बोलणं.
- रडार आणि इतर टेहळणी यंत्रणा: विमान आत्ता कुठे आहे हे दाखवणारी.
- फ्लाइट प्लॅनची यंत्रणा: विमान पुढे कुठे जाणार हे सांगणारी.
- ऑटोमेशन: हे सगळं एका स्क्रीनवर जोडणारी आणि दोन विमानं फार जवळ येत असतील तर कंट्रोलरला इशारा देणारी.
- या सगळ्यांच्या खाली वीज आणि टेलिफोन-डेटाच्या लाइन.

यातला कोणता थर गेला, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. शिवाय काही गोष्टी जमिनीवर अवलंबूनच नसतात. प्रवासी विमानांत टीकॅस नावाची टक्कर टाळणारी यंत्रणा असते. ती जवळच्या विमानाच्या ट्रान्सपाँडरशी थेट संपर्क साधते आणि धोका दिसला तर एका पायलटला 'वर जा', दुसऱ्याला 'खाली जा' असं सांगते. खालचा सगळा कंट्रोल रूम अंधारात गेला तरी ती चालू राहते.

रडार गेलं तर?

हा प्रश्न सगळ्यात भीतीदायक वाटतो. पण रडार येण्याआधीही विमानं उडत होतीच. तेव्हाची पद्धत आजही प्रत्येक कंट्रोलरला शिकवली जाते. तिला प्रोसिजरल कंट्रोल म्हणतात.

यात कंट्रोलर विमान स्क्रीनवर बघत नाही, डोक्यात आणि कागदावर बघतो. प्रत्येक विमानाची एक पट्टी असते, तिला 'स्ट्रिप' म्हणतात. पायलट ठरलेल्या ठिकाणांवरून जाताना सांगतो: मी अमुक पॉइंटवर आहे, अमुक उंचीवर, पुढच्या पॉइंटवर इतक्या वाजता पोचेन. कंट्रोलर ते पट्टीवर नोंदवतो आणि कोणती दोन विमानं एकाच वेळी, एकाच उंचीवर, एकाच जागी येणार नाहीत याचा हिशेब ठेवतो.

रडार अचानक गेलं, तर कंट्रोलरने काय करायचं हे आंतरराष्ट्रीय नियमांत लिहिलेलं आहे. आधी शेवटच्या क्षणी कोणतं विमान कुठे होतं ते नोंदवून घ्यायचं. मग विमानांमध्ये उंचीचं अंतर पाडायचं, कारण ते सगळ्यात लवकर करता येतं. एरवी जिथे वर-खाली १,००० फुटांचं अंतर लागतं, तिथे अगदी आणीबाणीत तात्पुरतं ५०० फुटांवरही भागवायची मुभा आहे. आणि आपल्या हद्दीत नवीन विमानं येणं कमी करायचं.

हे शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. का, ते साध्या गणिताने बघू.

रडार असताना मार्गावरच्या दोन विमानांमध्ये साधारण ५ सागरी मैल, म्हणजे सुमारे ९ किलोमीटर अंतर पुरतं. रडार नसताना एकाच मार्गावर, एकाच उंचीवर, एकामागून एक जाणाऱ्या विमानांमध्ये अंतर मिनिटांत मोजलं जातं आणि ते बऱ्याचदा १० मिनिटं असतं. जेट विमान मिनिटाला सुमारे १४ किलोमीटर जातं. म्हणजे १० मिनिटांत १४० किलोमीटर! ९ किलोमीटरच्या जागी १४० किलोमीटर. प्रत्यक्षात रडार असतानाही विमानं इतकी खेटून उडवत नाहीत, पण फरक किती मोठा आहे हे यावरून कळेल. पद्धत सुरक्षित आहे, पण तिला खूप जागा लागते. जागा तेवढीच असेल तर विमानं कमी करावी लागतात.

आणि ही पद्धत काही संग्रहालयात ठेवलेली नाही. मुंबईच्या कंट्रोलरकडे अरबी समुद्रावरचं फार मोठं आकाश आहे. किनाऱ्यापासून दूर गेल्यावर जमिनीवरचं रडार पोचत नाही. तिथे विमानांची ठिकाणं एचएफ रेडिओवरून किंवा उपग्रहामार्फत येणाऱ्या संदेशांतून कळतात आणि विमानांमध्ये रडारपेक्षा जास्त अंतर ठेवलं जातं. आखातातून किंवा आफ्रिकेतून मुंबईला येताना तुम्ही कदाचित अशाच आकाशातून आला असाल, फक्त तुम्हाला ते जाणवलं नसेल.

रेडिओ गेला तर?

हे जास्त अवघड. रडार गेलं तर विचारता तरी येतं, रेडिओ गेला तर सांगताच येत नाही.

एकाच विमानाचा रेडिओ बिघडला तर पायलट ट्रान्सपाँडरवर ७६०० हा आकडा लावतो. हा आकडा स्क्रीनवर दिसला की कंट्रोलरला कळतं, याला ऐकू येत नाहीये. त्यानंतर ते विमान काय करणार हे आधीच ठरलेलं असतं. हवामान स्वच्छ असेल तर जवळच्या योग्य विमानतळावर उतरायचं. नसेल तर शेवटची मिळालेली उंची आणि वेग ठरावीक मिनिटं पाळायचा आणि मग फ्लाइट प्लॅनप्रमाणे पुढे जायचं. कंट्रोलरलाही हे माहीत असतं, म्हणून तो त्याची वाट मोकळी ठेवतो. उतरताना टॉवरमधून दिव्याने इशारे देतात. हवेतल्या विमानासाठी स्थिर हिरवा म्हणजे उतरा, स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट द्या आणि घिरट्या घालत राहा.

पण जमिनीवरचाच रेडिओ गेला तर एकाच वेळी अनेक विमानं 'बहिरी' होतात. अशा वेळी १२१.५ मेगाहर्ट्झ ही आणीबाणीची फ्रिक्वेन्सी, शेजारच्या केंद्राचा रेडिओ किंवा हवेतलंच एखादं विमान निरोप्या म्हणून वापरलं जातं.

अमेरिकेत २८ एप्रिल २०२५ ला हे खरंच घडलं. न्यूयॉर्कजवळच्या नेवार्क विमानतळाकडे येणारी-जाणारी विमानं फिलाडेल्फियातल्या केंद्रातून सांभाळली जातात. त्या दिवशी तिथल्या कंट्रोलरचं रडार आणि रेडिओ दोन्ही सुमारे ९० सेकंद बंद पडलं. कारण होतं डेटा आणणाऱ्या लाइनमधला बिघाड. ९ मे रोजी पहाटे पुन्हा तसंच झालं. टक्कर झाली नाही. पण एप्रिलच्या घटनेनंतर काही कंट्रोलर मानसिक धक्क्यामुळे रजेवर गेले. आपल्यासाठी ९० सेकंद म्हणजे तीन रील. त्यांच्यासाठी स्क्रीनवरून गायब झालेला प्रत्येक ठिपका म्हणजे प्रवाशांनी भरलेलं विमान होतं.

त्यानंतर अमेरिकी यंत्रणेने काय केलं? नेवार्कवरच्या विमानांची संख्या कमी केली आणि नवीन फायबर लाइन टाकायला घेतली.

प्रत्येक वेळी विमानंच का कमी करतात?

कारण विमान आकाशात ब्रेक मारून थांबू शकत नाही. जे वर आहे ते खाली उतरवावंच लागतं. त्यामुळे बिघाड झाला की कंट्रोलरच्या हातात पहिलं शस्त्र असतं ते जमिनीवरच्या विमानांना जमिनीवरच ठेवायचं. वर असलेल्यांना क्रमाने उतरवायचं, काहींना घिरट्या घालायला लावायच्या, काहींना दुसऱ्या विमानतळावर पाठवायचं. पर्यायी विमानतळ गाठता येईल इतकं आणि त्यावर राखीव इंधन घेऊनच विमान निघतं, ते याचसाठी.

याचं सगळ्यात मोठं अलीकडचं उदाहरण ब्रिटनचं. २८ ऑगस्ट २०२३, सुट्टीचा सोमवार. लॉस एंजेलिसहून पॅरिसला जाणाऱ्या एका विमानाचा फ्लाइट प्लॅन ब्रिटनच्या यंत्रणेत आला. त्यात डीव्हीएल हे एकच सांकेतिक नाव असलेले दोन वेगळे पॉइंट होते, एक फ्रान्समधल्या डोव्हिलचा आणि दुसरा अमेरिकेतल्या डेव्हिल्स लेकचा. सॉफ्टवेअर गोंधळलं. चुकीची माहिती कंट्रोलरपर्यंत जाऊ नये म्हणून ते स्वतःच बंद पडलं. मग बॅकअप सुरू झालं. त्यातही तेच सॉफ्टवेअर होतं, त्याने तोच प्लॅन वाचला आणि तेही बंद पडलं. हे सगळं २० सेकंदांच्या आत.

रडार आणि रेडिओ तेव्हाही चालू होते. फ्लाइट प्लॅनचा साठा पुढच्या चार तासांचा होता. तेवढ्या वेळात दुरुस्ती झाली असती तर प्रवाशांना कदाचित पत्ताही लागला नसता. पण सुट्टीमुळे जाणकार इंजिनिअर घरून काम बघत होता आणि कारण सापडायला वेळ गेला. हाताने तासाला सुमारे ६० प्लॅनच भरता येत होते, एरवी हे काम शेकड्यांत चालतं. म्हणून विमानांची संख्या आवळावी लागली. सुमारे ७ लाख प्रवाशांना फटका बसला. विमानांमधलं सुरक्षित अंतर मात्र मोडलं नाही.

दिल्ली आणि ब्रिटन, दोन्हीकडे गोष्ट एकच आहे. बॅकअप म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दुसरा सर्व्हर येतो. तोही हवाच. पण तोही गेला तर शेवटचा बॅकअप म्हणजे उशीर.

अख्खं केंद्रच बंद पडलं तर?

हेही झालंय. २६ सप्टेंबर २०१४ ला अमेरिकेत शिकागोजवळच्या नियंत्रण केंद्रात एका कंत्राटी कर्मचाऱ्याने आग लावली. संपर्क यंत्रणा जळाली, इमारत रिकामी करावी लागली. हे केंद्र जगातल्या अतिशय गर्दीच्या आकाशांपैकी एक सांभाळत होतं.

मग शेजारच्या केंद्रांनी ते आकाश आपापसात वाटून घेतलं. शिकागोचे कंट्रोलर त्या शहरांत जाऊन बसले, कारण तिथले मार्ग त्यांना पाठ होते. केंद्र १३ ऑक्टोबरला पूर्ण सुरू झालं. पहिल्या दिवशी विमानं मोठ्या संख्येने रद्द झाली, पण नंतर हळूहळू वाहतूक वाढवत नेली. यंत्रं जळाली होती, माणसांचं ज्ञान शाबूत होतं.

मग खरा धोका कधी असतो?

यंत्र बिघडतं तेव्हा नाही. यंत्र बिघडलेलं असताना माणूस एकटा पडतो तेव्हा.

१ जुलै २००२ ची रात्र. जर्मनीच्या युबरलिंगेन गावावरचं आकाश स्वित्झर्लंडमधल्या झ्युरिकच्या केंद्राकडे होतं. त्या रात्री तिथे यंत्रणेच्या देखभालीचं काम चालू होतं. रडार कमी क्षमतेच्या मोडवर होतं, टक्कर होण्याचा इशारा स्क्रीनवर दिसणार नव्हता, मुख्य टेलिफोन यंत्रणा बंद होती आणि पर्यायी लाइनमध्ये बिघाड होता. पाळीवर दोन कंट्रोलर होते, पण रात्रीच्या रिवाजाप्रमाणे एकजण विश्रांतीला गेला होता. उरलेला एकटा माणूस दोन जागा सांभाळत होता. उशिरा आलेलं एक विमान उतरवण्यासाठी तो शेजारच्या विमानतळाला फोन लावत होता आणि फोन लागत नव्हता.

त्याच वेळी एक रशियन प्रवासी विमान आणि एक मालवाहू विमान एकाच उंचीवर एकमेकांकडे येत होतं. जर्मनीतल्या दुसऱ्या केंद्राला हे दिसलं होतं. त्यांनी झ्युरिकला फोन करायचा प्रयत्न केला, लागला नाही. कंट्रोलरच्या लक्षात आलं तेव्हा काही सेकंदच उरले होते. त्याने रशियन विमानाला खाली जायला सांगितलं, त्यांच्या टीकॅसने वर जायला सांगितलं. पायलटनी कंट्रोलरचं ऐकलं. मालवाहू विमान टीकॅसच्या सांगण्यावरून खालीच येत होतं. ७१ जणांचा जीव गेला, त्यात बरीचशी सुट्टीवर निघालेली शाळकरी मुलं होती.

यानंतर नियम स्पष्ट झाला: टीकॅस आणि कंट्रोलर वेगवेगळं सांगत असतील तर पायलटने टीकॅसचंच ऐकायचं. पण दुसरा धडाही तितकाच मोठा आहे. यंत्रणा अर्धी बंद ठेवायची असेल तर त्या वेळी माणसं जास्त लागतात, कमी नाही. दुरुस्तीचं काम गर्दी कमी असताना करायचं, कंट्रोलरना काय काय बंद असणार हे आधी सांगायचं आणि पर्यायी फोन खरंच लागतो का हे तपासून बघायचं. हे वाचायला किती साधं वाटतं. त्या रात्री यातलं जे जे राहिलं, ते सगळं एकाच वेळी अंगावर आलं.

भारतात काय शिकायला हवं?

दिल्लीतला बिघाड पूर्णपणे अनपेक्षित होता असं म्हणता येत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेच्या स्थायी समितीच्या अहवालात दिल्ली आणि मुंबईतली ऑटोमेशन यंत्रणा मंदावत असल्याचा मुद्दा आला होता. कंट्रोलरच्या संघटनेनेही खासदारांना याबद्दल लिहिलं होतं. कंट्रोलरची संख्या कमी असल्याची तक्रारही जुनीच आहे. नोव्हेंबरच्या बिघाडानंतर नागरी विमान वाहतूक मंत्र्यांनी मूळ कारण शोधायला आणि जादा सर्व्हरची तयारी करायला सांगितलं.

मुंबईच्या बाबतीत हे आणखी नाजूक आहे. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि तिच्यावर दिवसाला ९०० हून अधिक विमानं उतरतात-उडतात. इतकं भरलेलं वेळापत्रक असताना अर्ध्या तासाचा बिघाडही संध्याकाळपर्यंत पुरतो. एकच विमान दिवसभरात अनेक शहरं करतं, क्रूच्या कामाच्या तासांना मर्यादा असते. म्हणून दिल्लीत सर्व्हर बसला की पुण्यातला प्रवासी अडकतो.

प्रवासी म्हणून तुमच्या हातात काय आहे?

एटीसीमुळे झालेल्या उशिरासाठी विमान कंपनी नुकसानभरपाई द्यायला बांधील नसते, डीजीसीएचे नियम तसं स्पष्ट म्हणतात. पण ठरावीक वेळेपेक्षा जास्त थांबावं लागलं तर खाणं-पिणं द्यावं लागतं. देशांतर्गत विमानाला सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल तर दुसऱ्या विमानाचा किंवा पूर्ण रिफंडचा पर्याय द्यावा लागतो. तो हक्काने मागा. काउंटरवरच्या कर्मचाऱ्यावर ओरडून मात्र काही होत नाही, विमान सोडायचं की नाही हे तो ठरवत नसतो.

आणि पुढच्या वेळी 'सिस्टीम डाउन, हवेत विमानं रामभरोसे' असा मेसेज आला तर फॉरवर्ड करण्याआधी एक प्रश्न विचारा: नेमकं काय बंद आहे? रडार, रेडिओ की फ्लाइट प्लॅन? उत्तर बहुतेक वेळा त्या मेसेजमध्ये नसतं.

रागवायचं असेल तर उशिरावर नको. त्या दिवशी विमानं थांबवली गेली, म्हणून सगळी नीट उतरली. विचारायचं ते हे: बॅकअप खरंच वेगळा होता का? पाळीवर पुरेशी माणसं होती का? आणि ज्यांनी आधी सांगितलं होतं, त्यांचं कुणी ऐकलं का?